मामाची पापणी

बेथेलहून अँकरेजला जाणारं विमान लहान,
खिडकीत सूर्य, आणि सूर्य म्हणजे माझ्यापुरती सुरी.
मी टोपी नाकापर्यंत ओढते.
शेजारचा विचारतो, झोप आली?
मी म्हणते, हो.
अर्धशिशी समजावून सांगायला
चारशे मैल पुरत नाहीत.

महिन्यातले एकोणीस दिवस
उजव्या भुवईमागे कुणीतरी पहारीनं नदीचा बर्फ फोडतं.
प्रोप्रानोलॉल झालं. टोपिरामेट झालं,
त्या गोळीनं दुखणं ठेवलं, शब्द नेले.
दुकानात उभी होते, मिठाला काय म्हणतात आठवेना,
बोटानं दाखवलं.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आता बोट्युलिनम देऊन पाहू.
मी हसले. त्यांना वाटलं, सुरकुत्यांच्या आठवणीनं.

आमच्या घरात हे नाव मोठ्यानं घेत नाहीत.

मी आठ वर्षांची होते. निकिफोर मामानं
किंग सामनची डोकी आंबवायला घातली.
जुन्या माणसांचा खड्डा असे, गवताचं अस्तर, वर माती,
जमीन गार, आतबाहेर श्वास घेणारी.
मामानं आणली पांढरी प्लास्टिकची बादली,
झाकण असं घट्ट की उघडताना गुडघा लावावा लागे.
तिचा त्याला कोण अभिमान!
ठेवली शेगडीजवळ, लवकर मुरेल म्हणून.

खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला दोन फिओडोरा दिसल्या.
"एकीला पाण्याला धाड," तो आईला म्हणाला,
"दुसरी बसू दे माझ्यापाशी."
आम्ही पोट धरून हसलो.
मग पापण्या उतरल्या.
आई अंगठ्यानं त्याची डावी पापणी वर धरायची,
म्हणजे त्याला आम्ही दिसू.
मग घोट उतरेना. मग आवाज गेला.
उतारा विमानानं येणार होता.
धुकं होतं.
तो शुद्धीवर होता, सगळं ऐकत होता,
फक्त छातीनं ऐकणं सोडलं.

एकतीस जागा, नर्स सांगते.
कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे.
सुई केसाएवढी, थेंब दवाएवढे.
यातला कण न् कण मोजलेला आहे, ती म्हणते,
मज्जातंतू निरोप पुढे द्यायचं विसरतो, बस, एवढंच.
एवढंच, मी म्हणते.
आमच्या युपिकमध्ये वीस म्हणजे एक अख्खा माणूस,
हातापायांची सगळी बोटं मिळून.
मी डोळे मिटून मोजते.
विसाव्या टोचणीला माणूस पुरा होतो.
वर अकरा उरतात.

दहाव्या दिवशी आरशात
माझी डावी पापणी अर्ध्यावर आली होती.

आई चहा ओतत होती. तिनं पाहिलं.
किटली तशीच खाली ठेवली,
जवळ आली, अंगठा ओला होता,
आणि काही न बोलता पापणी वर धरली.
किती वेळ, कोण जाणे.
चहा कपाबाहेर वाहून टेबलावरून खाली गेला.

फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी,
काही आठवड्यांत जाईल.
गेलं. दुसऱ्या खेपेला झालंही नाही.
वहीत आता एकोणिसाच्या जागी अकरा फुल्या,
कधी नऊ, एका मार्चात चौदा.
या जुलैत मी उन्हात उभी राहून मासे कापले,
सुरीवर ऊन चमकलं, आणि ते नुसतं ऊन होतं.

दर बारा आठवड्यांनी परतते तेव्हा
आई धावपट्टीशी उभी असते, रुमाल हनुवटीखाली बांधून.
दुखलं का? विचारते.
नाही, मी म्हणते.
ती बॅग घेते,
आणि गाडीकडे जाताना
तीनदा वळून माझा डावा डोळा बघते.