अंथऊ

फ्रिजवर चुंबकाखाली कागद:
ऋजुता – मंगळ, गुरू, शनी. मिरज, मोठं मैदान.
पार्श्व – सोम, बुध, शुक्र. यार्डामागं, फुटसाल.
शीतल – या आठवड्यात सेकंड शिफ्ट.
माझं नाव कागदावर नाही.
मी म्हणजे स्कूटर.

मोठ्या मैदानाला खिळ्यांचे बूट लागतात, फुटसालला सपाट.
मोठा चेंडू पाच नंबरचा, उसळतो.
चार नंबरचा उसळत नाही, जमिनीला धरून राहतो.
दोन वर्षांपूर्वी मला चेंडू म्हणजे चेंडू होता.

फुटसालचं कोर्ट पूर्वी हळदीचं गोदाम होतं.
पत्रे तेच. खाली निळा रंग, वर जाळी,
पण भेगाभेगांतून अजून हळद निघते.
दर बुधवारी पार्श्वचे मोजे
अंगाला हळद लागलेल्या नवरदेवासारखे घरी येतात.
साबणानं जात नाही. उन्हात टाक, आपोआप उडते,
हे आप्पांनी सांगितलं.
तीस वर्षं अडतीवर दिवाणजी होते ते.
कोर्टावर मात्र कधी आले नाहीत.

आप्पांचं घड्याळ वेगळं.
दिवस मावळायच्या आत ताट, आमच्यात त्याला अंथऊ म्हणतात.
मग पाण्याचा घोटसुद्धा नाही.
म्हणजे साडेपाचला तव्यावर भाकरी
आणि साडेपाचलाच मिरजेत सराव सुटलेला.
एका हातानं भाकरी उलटायची, दुसऱ्या हातात फोन,
"ताई, आज ऋजुताला तुमच्या गाडीवर आणाल?"
त्या ताईंना मी अजून पाहिलेलं नाही.
त्यांची पाण्याची बाटली माझ्या ओट्यावर,
माझा डबा त्यांच्याकडं. चार महिने झाले.

परवाच्या रविवारी दोन सामने, एकच वेळ.
ऋजुताला त्या ताईंच्या गाडीत बसवलं,
पार्श्वला घेऊन कोर्टावर आले, पिशवी उघडली:
खिळ्यांचे बूट, सहा नंबर.
गोलकीपरचे हातमोजे.
म्हणजे तिकडं माझी मुलगी
भावाचे तीन नंबरचे बूट हातात धरून उभी असणार.

शीतल भट्टीपुढं, फोन लॉकरमध्ये.
घरी फोन लावला, नुसता कुणाला तरी सांगायला.
आप्पा म्हणाले, "पिशवी घेऊन कमानीशी ये."
ते आधीच येऊन थांबले होते, टोपी घालून,
सिटी बसचे सुट्टे पैसे मुठीत.

पार्श्व दुसऱ्याच्या बुटांत खेळला,
पुढं माझा रुमाल कोंबून. एक गोल केला.
माझं लक्ष पत्र्याच्या फटीतल्या उन्हाकडं.
ऊन तांबूस झालं. मग फट नुसतीच फट राहिली.

सात वाजता रिक्षातून दोघं उतरली.
तिच्या कोपरांना माती,
आप्पांच्या धोतराला मैदानाचा चुना.
"हरलो," ती म्हणाली, "तीन-शून्य.
आजोबा सगळा वेळ जाळीमागंच उभे होते."
मी झाकलेल्या ताटाकडं बघितलं.
आप्पांनी नाही. पाय धुतले.
"आता राहू दे."

बऱ्याच वेळानं, दिवा मालवल्यावर, बाहेरच्या खोलीतून आवाज:
"पहिल्या गोलात तिची चूक नव्हती.
उजवीकडची पोरगी जागा सोडून गेली होती."
कुणाला सांगत होते कळलं नाही.
मी हं म्हटलं.

आज पुन्हा रविवार. सामना चारला.
अडीच वाजता आप्पा स्वयंपाकघराच्या दारात:
"वाढतेस का? यायला उशीर होईल."
मी भर दुपारी भाकरी थापली.
पाणी प्यायला गेले तेव्हा दिसलं,
कागदाच्या तळाशी, दिवाणजीच्या तिरक्या अक्षरात:
आप्पा – रविवार. बूट.