येणे बाकी

अठ्ठावीस फेब्रुवारी.
दोन दिवस कमी, भाडं मात्र तेवढंच.
शेवटचं पोर सव्वासातला गेलं
(पाटीवर वेळ साडेसहा)
आणि मी वही घेऊन त्या बुटक्या टेबलाशी बसले,
ज्याच्याखाली माझे गुडघे मावत नाहीत.

पाथर्डी फाटा. मागे अंबडच्या कंपन्या,
खाली मेडिकल, वर मी आणि माझं पाळणाघर.
कागदावर सव्वीस मुलं. हजेरीत एकोणीस.

वीज. सिलेंडर. फिनाईल. दूध रोज चार लिटर.
इथे पेन थांबतं.
चारचे साडेतीन करता येतील, उरलेलं पाणी.
एकदा केलंय मी हे, नोव्हेंबरात, आठ दिवस.
कुणाला कळलं नाही.
फक्त ओवीनं, दीड वर्षाची,
एक घोट घेऊन पेला माझ्या हातात परत दिला,
ऑडिटला आलेल्या साहेबासारखा.

बिस्किटं बंद केली, राजगिरा आणते, लाडू मीच वळते.
दोन पंखे एका बटणावर होते, वेगळे करून घेतले;
वायरमन साडेतीनशे घेऊन गेला,
बिलात वाचले नव्वद.
चित्रांना कंपनीतली पाठकोरी चलानं.
मुलं सूर्य रंगवतात,
सूर्यातून उलटे उमटतात
बोल्ट, नग पाचशे.

द्राक्षं मात्र देते.
पंचवटीच्या बाजारात सुटे मणी मिळतात,
घडावरून गळलेले, वीस रुपये किलो.
गोडीला काही कमी नाही, फक्त देठ नाही.
माझी निम्मी पोरं तशीच की,
कुणी सुरगाण्याचं, कुणी चोपड्याचं, एक थेट छपऱ्याचं.
प्रत्येक मणी मधोमध चिरते, घशात अडकू नये म्हणून.
ही एवढीच कपात
मला हाताला धरून करता येते.

वहीतली सगळ्यात जाड ओळ राहिली: पगार.
मंजुळाबाई सात वर्षं. सुगंधा जूनपासून.
शेवटी आलेली आधी जाते.
हा नियम मी पुस्तकात वाचलेला नाही.
माझ्या नवऱ्याला याच नियमानं
गेटवर कार्ड जमा करायला लावलं होतं
आणि तो घरी आला तेव्हा
डब्यातली भाजी तशीच होती.

तरी चार दिवस मी वाक्य घोकतेय.
'सुगंधा, तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही, पण...'
'पण'च्या पुढे जात नाही.

तिनंच आज सतरंज्या झटकता झटकता काढलं:
"ताई, एक ते तीन सगळी झोपतात.
त्या वेळात समोरच्या मेसमधे पोळ्या लाटून येऊ का?
तिथले तिथे. इथले तेवढे कमी धरा."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"वही तुमची उघडीच असते.
अक्षरं नाही, आकडे येतात मला.
लाल पेनानं माझ्या नावाभोवती
गोल केलाय तुम्ही. नाव ओळखते मी माझं."

मी वही मिटली. उशिरा मिटली.

पोळ्यांनीही तूट भरत नाही. चार हजार सहाशे राहतात.
आणि येणे बाकी:
रिहान, तीन महिने. बापाचा ओव्हरटाइम बंद.
पैसे येणे आहेत, पोरगा येतो.
सव्वासातचा तोच. आई दुसरी बस बदलून येते.
तोवर पायरीवर बसून
अर्धे केलेले मणी पुन्हा जोडून बघत होता.

उशिराचे अर्ध्या तासाला पन्नास, एक तारखेपासून,
अशी पाटी मी लिहिलीय. चलानाच्याच पाठीवर.
लावायची की नाही, बघू उद्या.

आत्ता सुगंधाचा पगार लिहिला,
आहे तेवढाच.
पेन्सिलीनं.