इडलीपात्रातले स्क्रू

तुर्भ्याला पत्र्याच्या शेडखाली
चार हजार तीनशेला घेतला.
"चालू आहे ना?" विचारलं,
तर जुबेर म्हणाला, "चालेल."
या दोन शब्दांत किती अंतर आहे
ते कोपरखैरण्याला पोचल्यावर कळलं.

बटण दाबलं. पंखा घोंगावला.
भिंत क्षणभर वाट बघत राहिली,
आणि लाल ठिपका: तीनदा, थांबून पुन्हा तीनदा,
बिल्डिंगखालून शीळ घालणाऱ्या मित्रासारखा.

तीन म्हणजे दिवा, माहितीपत्रकात लिहिलंय.
चार असते तर ताप. सहा असते तर राम म्हणा.
नवा दिवा अडीच हजार.
हर्षदाने गॅसच्या पुस्तकातले पैसे काढून दिले,
एकही शब्द न बोलता, दोनदा मोजून.
बसवला.
पुन्हा तीन.

रविवारी जेवणं उरकल्यावर प्लग काढला
आणि ओट्यावरचं इडलीपात्र मागितलं.
सोळा खळगे, सोळा स्क्रू.
वरच्या ताटलीत पाठीचे, मधल्यात बोर्डाचे,
शेवटचा काळा, आखूड, कुठून निघाला देव जाणे.
"उद्या पीठ फुगणारे," ती म्हणाली.
मी रबाळ्याला चोवीस वर्षं प्रेसच्या मशिनी खोलतोय.
"उद्यापर्यंत होतं," म्हणालो.

जाळी काढली तर धूळ पांढरी.
आपल्याकडची धूळ अशी नसते;
आपली काळपट, ठाणे-बेलापूर रस्त्याची,
बोटाला तेलकट लागणारी.
ही रांगोळीहून मऊ.
चिमटीत धरली, वास घेतला.
खडू.
कोणीतरी रोज याच्या नाकाशी फळा पुसत होतं.

शेवटी सापडलं ते तांदळाएवढं:
दिव्याच्या झाकणाला आतून प्लॅस्टिकचं एक बोट असतं,
झाकण लागलं की ते खटका दाबतं.
ते तुटलेलं.
झाकण घट्ट, स्क्रू पिळलेला, वरून चिकटपट्टीसुद्धा,
तरी आत याचं एकच पालुपद:
दार उघडं आहे,
दार उघडं आहे.
रात्री दोनदा उठून कडी चाचपणारी माणसं
मला माहीत आहेत. मी त्यातलाच.

जुन्या स्विचबोर्डाचा बेकेलाइट कानशीने घासून
नवं बोट केलं. एकदा मोठं झालं, एकदा तुटलं,
तिसऱ्यांदा खटका बोलला.

आणि कॅलेंडर उतरवलेल्या भिंतीवर उजेड.
पण उजेडात आधी आपलं काहीच नाही.
आधी येतं: मढवी सर, ऐरोली, दहावी गणित,
खाली कधीतरी टिपून ठेवलेला फळा,

x² + x − 6 = 0
(x + 3)(x − 2) = 0
x =

बरोबरच्या चिन्हापुढे कोणी नाही.
पाच सेकंद. मग सगळं निळं.

हे चित्र बदलायला चार आकडी पासवर्ड लागतो.
चार शून्यं घालून पाहिली, एक-दोन-तीन-चार घातले,
फळ्यावरचे आकडेही उलटसुलट केले.
जुबेरला फोन केला. सरांचं त्याला ठाऊक नाही,
माल बाकांसोबत आला म्हणे,
बाकं तेव्हाच गेली.

हर्षदा लसूण सोलत दारात उभी होती.
"वजा तीन, नाहीतर दोन," म्हणाली
आणि आत गेली.

एकोणीस वर्षं झाली लग्नाला.
मी बंद केला, थंड होऊ दिला, परत लावला.
ते पाच सेकंद परत आले.
"तुला दहावीला गणितात किती होते?"
मी स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं.
आत खलबत्ता चालू होता.

काळा स्क्रू उरला. सगळीकडे लावून पाहिला,
कुठलंच भोक त्याला ओळख देईना.
सकाळी डबा भरताना बघतो
तर इडल्या पंधरा.
सोळाव्या खळग्यात तिने पीठ घातलंच नव्हतं;
तिथे तो, वाफेने लखलखीत,
अजून गरम.