फळ्यावरचं नाव

अल्वारादोच्या धक्क्यावर, कोळ्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर
सकाळी कुणी खडूनं लिहून गेलं:
एलेउतेरियो उस्कांगा सिल्वा वारले. दफन चारला.

पेलोन कोळंबी निवडत होता
(टकलावर बसलेली माशीही घसरते त्याच्या),
म्हणाला, "कोण बुवा हा? परगावचा दिसतोय."
चातोनं नसलेलं नाक मुरडलं:
"नाव तर बिशपचं वाटतंय."
आणि जाळी उसवली होती, ती शिवायला बसले सगळे.

पावणेचार.
चर्चच्या पायरीवर पाद्री, पेटी,
आणि एक कुत्रं, तेही सावलीसाठी आलेलं.

तेव्हा दोन्या ब्राउलिया काळ्या कपड्यांत
तरातरा धक्क्यावर आली. कुणाशी बोलली नाही.
खडू उचलला, नवऱ्याच्या नावाखाली
मोठ्या अक्षरांत लिहिलं: ओरेहास.
म्हणजे कान. म्हणजे सुपं.
म्हणजे ज्यांच्यामागे दोन सिगारेटी, पेन्सिल
आणि गळाची सुई एकदम मावायची, ते.

हातातली कोळंबी तशीच राहिली.
"आपला ओरेहास?"

साडेचारला चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती,
मासळीचा वास उदापेक्षा वरचढ.
"पेटी जरा रुंद करायची ना," पेलोन पुटपुटला.

"हळू बोल मेल्या," ती म्हणाली,
"त्याला ऐकू जाईल."