बारा मीटरचा रस्ता

विश्रामबाग स्टेशनच्या बाहेर
मला आखायचाय बारा मीटरचा रस्ता.
आरवाडे साहेब म्हणाले, सरळ काढा मगदूमबाई,
मेन रोडला उभं राहिलं की
तिकीटखिडकी दिसली पाहिजे.

टेप तीस मीटरची, तिची पहिली वीत तुटलेली,
म्हणून प्रत्येक मापातून वीतभर वजा.
दुसरं टोक गोरख शिपायाच्या हातात.
तो धरतो कमी, बोलतो जास्त.

नकाशात स्टेशन म्हणजे एक काळी पट्टी.
जमिनीवर सकाळची पॅसेंजर येते
आणि माणसं रस्त्यानं जातच नाहीत.
प्लॅटफॉर्म संपतो तिथं कुंपणाला भगदाड,
त्यातून तिरकी निघतात,
हापशाला खांदा घासत,
ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून,
शकील मुजावरच्या पंक्चरच्या घमेल्यावरून टांग टाकून
थेट कॉलेजच्या मागच्या फाटकात.
त्या वाटेवर गवताची काडी नाही.
मी चालून मोजली: एकशे ऐंशी पावलं.
माझ्या सरळ रस्त्यानं
तीनशे दहा.

इरव्वा जतकडची.
पैसे कानडीत मोजते, भांडते मराठीत.
कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर ओलं फडकं.
सकाळी कडुनिंबाखाली असते,
दुपार कलली की टाकीच्या पलीकडं,
सावली जाईल तशी पाटी जाते.
सर्व्हेचा कागद पुढं करून मी विचारलं,
तुमची जागा नेमकी कुठली?
म्हणाली, किती वाजताची?

अर्जात तसला रकाना नाही.

बिरनाळे टेलर पुरानंतर गावभागातनं इकडं आले.
इथं पाणी चढलेलं कुणाला आठवत नाही
तरी कापडाचे ठाण अजून माळ्यावरच.
शिडी लावून काढतात, शिडी लावून ठेवतात.
रस्ता किती रुंद, गाळा किती लांब,
त्यांनी काहीच विचारलं नाही.
फक्त, बाई, जोतं किती वर घेणार?
मी म्हटलं, दीड फूट.
त्यांनी भिंतीकडं बघितलं,
छातीएवढ्या उंचीवर,
जिथं या भिंतीला कसलीही रेघ नाही.

ऑफिसात पंखा सुरू केला की नकाशा उडतो,
म्हणून चार कोपऱ्यांना चार स्टॅम्पपॅड.
पंधरा गाळे बसवायचे, तीन बाय चारचे,
दाताला दात लावून.
सहा झाले, सात झाले.
आठवा काढताना पेन्सिल थांबली
आणि मी दोन मीटर पुढं सरकून काढला.

साहेबांचं बोट नेमकं तिथंच पडलं.
हे काय?
गटार, मी म्हटलं.
गटाराबद्दल साहेबांना
आणखी काही जाणून घ्यायचं नसतं.
सही झाली.

हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस.
एकच आली, वहीच्या फाडलेल्या पानावर,
काळ्या बोटांच्या ठशांसकट:
गाळा नंबर नऊचं तोंड मावळतीला आहे.
उन्हानं ट्यूब फुगते, सोल्यूशन डबीतच वाळतं.
तरी विचार व्हावा. शकील बा. मुजावर.
मी खोडरबर शोधला.
नऊचं दार उत्तरेला केलं.
नकाशावर एवढ्याशा जागेत
कागद थोडा काळवंडला, तो तसाच राहिला.

आता रस्ता झालाय. सरळ आहे.
मेन रोडवरून तिकीटखिडकी दिसते,
तिकडं कुणी बघत नाही.
परवा एक नवखा पोरगा
पाठीवर सॅक, हातात ॲडमिशनची फाइल,
गोरखला कॉलेजचा रस्ता विचारत होता.
गोरख म्हणाला, गटारातनं जावा की.
पोरगं हबकलं.
तिथं गटार नाही, कधीच नव्हतं.
नाव तेवढं पडलं.

काल संध्याकाळी मी परत चालून मोजली.
एकशे ब्याऐंशी.
दोन जास्त.

पाटी मधे होती.