आठ थाऊ

व्हर्ना डेजार्ले म्हणाली, गुणगुणते गं गाडी,
साठच्या वर गेलं की, मागून.
पाय काढला की गप्प.
मग जरा ओशाळून: कुत्रा आता मागे बसत नाही.

उणे एकतीस. शेडचं दार ढकलायला खांदा लागला.
निळी पिकअप, दारांवर रस्त्याच्या मिठाचे नकाशे,
सीटवर उद्याचं टपाल, रबरबँडात, गावागावांचे गठ्ठे.

पाटीवर वोलोशिन लिहिलंय. ते म्हणजे तातो, माझे वडील.
मी ओरिसिया, पाटीवर अजून नाही.
ते उलट्या बादलीवर बसलेले, टोपीचे कान खाली.
"व्हील बेअरिंग," म्हणाले, गाडीकडे न बघताच.
मी काही बोलले नाही.
व्हील बेअरिंग पाय काढला म्हणून गप्प बसत नाही,
हे त्यांनीच शिकवलेलं.

एके काळी गाडी फाटकात वळायच्या आधी
ते सांगायचे कुठला दात कुणाला खातोय.
आता वरच्या पट्टीतलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही:
किटली नाही, माझी हाक नाही.

मागचा भाग उचलला, घोड्या लावल्या,
चाकं हवेत फिरू दिली,
ओझं पडावं म्हणून ब्रेकवर हलका पाय.
ते उठले, गुडघ्यांना वेळ देत.
लांब पेचकस घेतला,
टोक हाउसिंगच्या गळ्यावर, मूठ जबड्याच्या हाडावर,
आणि डोळे मिटले.
इतका वेळ, की मला वाटलं झोपले.

"पिनियन," म्हणाले.
व्हील बेअरिंगचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आधी वरचं बूच. नेहमी आधी वरचं.
ते गंजून अडकलं असेल आणि खालून तेल सोडून बसलात,
तर भरणार कुठून?
तेल काकवीसारखं उतरलं, काळं, गंधकाच्या वासाचं.
चुंबकावर राखाडी लोणी. ते चालतं, ते वय आहे.
लोण्यातून बोट फिरवलं.
एक कण टोचला.

झाकण पुसलं तर आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेलं:
फेब्रुवारी ९१. बारा.

सहा ते दहा थाऊ असावी ढिलाई. बारा म्हणजे जास्त.
दाताने दाताला हळूहळू हाणत राहावं इतकी जास्त.
मी झाकण त्यांच्यासमोर धरलं.

"त्या रात्री तुझी आई दवाखान्यात होती.
बारावर सोडलं. म्हटलं, नंतर उघडू."

मी मोजलं. तो माझा महिना नाही.
मला भाऊबहीणही नाही.
विचारलं नाही.
घोडीखालची फळी उगाच पायाने सरकवून पाहिली.

वळणावर बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी,
आणि मधले चार छोटे गिअर
कुणाला न सांगता तो हिशेब जुळवत राहतात.
ते चारही ठीक होते. मी तपासले.

नवीन बेअरिंग बसवले. क्राऊनच्या दातांना पिवळा रंग फासला,
फिरवला, उमटलेला ठसा पाहिला: कडेला गेलेला.
एका बाजूची शिम पातळ, दुसरीची जाड.
पुन्हा बांधलं. पुन्हा रंग.
अकरा. साडेनऊ.
बोटं बधिर, म्हणून चहा, मग पुन्हा.

शेवटी त्यांनी हातमोजा काढला,
क्राऊन दोन बोटांत धरून पुढेमागे हलवला,
दार नीट लागलंय का पाहावं तसा.
"आठ."
मी डायलचा काटा बघितला.
आठ.

झाकणावर ९१ च्या खाली मी आजची तारीख कोरली. आणि आठ.
बाराला हात लावला नाही.

संध्याकाळी व्हर्ना आली. पहिले पाचशे किलोमीटर काही जड ओढू नकोस,
मग परत ये, तेल बदलू.
कुत्रा मागच्या बाकावर चढला, दोनदा गोल फिरला, बसला.

दिवे फाटकाबाहेर वळले.
"गेली का?" तातोंनी विचारलं, खिडकीकडे पाठ करून.
गेली, मी ओरडून सांगितलं.
मलाही काही ऐकू आलं नव्हतं.