दोष आढळला नाही

पहिल्याच आठवड्यात कानावर आला तो.
काळी पाचच्या केसभर खाली,
पन्नासच्या वेगाला सुरू, साठला गुप्त.
तीस वर्षं लोकांचे पियानो जुळवतेय मी,
चर्चमधले, शाळांमधले, मेलेल्या आत्यांचे;
मला सांगू नका की हा वारा आहे.

शोरूमवाल्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली.
परत दिली तेव्हा धुतलेली होती.
कागदावर: दोष आढळला नाही.

मग ती बंद पडली, टू हार्बर्सच्या अलीकडे,
डावीकडे कडा, उजवीकडे सरोवर,
मागे ओंडक्यांनी भरलेला ट्रक,
आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, नाताळ असल्यासारखे.
दोष आढळला नाही.
मग बँकेच्या चौकात.
मग फेब्रुवारीत, उणे सव्वीस, रात्री, हातमोज्यात हात गोठत.
चौथा कागद मी वाचलाच नाही,
भोकं पाडून फाइलला लावला.

इथे अमेरिकेत अशा गाडीला लिंबू म्हणतात.
लिंबाच्या नावाचा कायदाही आहे.
माझी फाइल पाहून कंपनीच्या वकीलबाईंनी चष्मा काढला.
म्हणाल्या, दुसरी घ्या, अगदी हीच, कोरी करकरीत;
नाहीतर पैसे.
"हीसुद्धा कोरीच होती," मी म्हटलं.
पैसे घेतले.

आता निवडायची कशी?
आर्वो, माझा नवरा, तक्ते करतो:
मायलेज, एअरबॅगा, पाच वर्षांनी किती येतील,
हिरव्या पेनाने खुणा.
मी गाडीत बसते, दार लावून घेते,
रेडिओ बंद, पंखा बंद, सेल्समन बंद,
आणि ऐकते.
सगळ्या गोड बोलतात.
आधीचीही पहिल्या दिवशी गोडच बोलली होती.
दुधाने पोळलेलं तोंड माझं,
समोर ताकाचे अकरा पेले, रांगेत, चकचकीत.

ओर्विल स्लेटनची स्टेशन वॅगन चौदा वर्षांची.
तो टपाल वाटायचा, आता दोन्ही गुडघे बदललेत.
किल्ली देण्याआधी त्याने बोटं मोजली:
हीटर गरम व्हायला सात मैल घेतो.
मागची काच एकदा खाली गेली की हाताने ओढायची.
डावं वळण आलं की पुढचं चाक कुरकुरतं.
दाराला खांदा लावायचा, लाथ नाही.
खाली गंज आहे, इथे, इथे आणि तिथे. वाक, बघ.
वाकले. होता.
"आणखी?"
"कॉफीचा वास. तो काही जायचा नाही."
आर्वो तक्त्यात ओर्विलला कुठल्या रकान्यात घालावं
ते शोधत राहिला.

पियानोबद्दल एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना सहसा सांगत नाही.
तो पूर्ण सुरात कधी लागतच नाही.
सगळ्या पट्ट्यांत वाजायला हवा असेल
तर जवळजवळ प्रत्येक स्वराला जरासं खोटं पाडावं लागतं;
चूक वाटून द्यायची, कुणालाच जड होणार नाही इतकी.
सगळी एकाच जागी साठली
तर तिथे लांडगा ओरडतो, असं जुने कारागीर म्हणत.
नव्या गाडीत लांडगा होता.
कागदावर नव्हता, एवढंच.

वॅगन घेतली. शंभर डॉलर जास्त दिले,
ओर्विलने पन्नास परत केले, यावर दहा मिनिटं भांडलो.

काल टू हार्बर्सला गेले, लुथरन चर्चच्या पियानोसाठी.
मागे हत्यारांची पेटी, काच ओढून वर केलेली.
सातव्या मैलाला हीटर आला, दिल्या शब्दाला जागून.
तरी ती जागा आली तसा
पाय आपोआप हलका झाला,
श्वास धरला, आरशात ट्रक शोधला,
आणि काहीच ऐकू आलं नाही.
या काहीच-नाहीवर
माझा अजून विश्वास बसलेला नाही.
पुढे वळण डावं होतं. चाक कुरकुरलं.
"हो," मी म्हटलं, "माहीत आहे."